राजाचे वडील

पुण्यात शुक्रवार पेठेतल्या संग्रहालयाच्या पाटीवर संग्राहकाच्या आधी एका लहान मुलाचं नाव आहे. राजा बालपणीच गेला आणि वडिलांनी आयुष्यभराचा संग्रह त्याच्या नावे केला.

राजाचे वडील दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांचा पिढीजात व्यवसाय चष्म्यांचा. कविता लिहिल्या, त्याही ‘अज्ञातवासी’ या नावाने! मिरवण्याची हौस नव्हतीच. 1920च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. पत्नी कमलाबाईंची साथ होती, म्हणूनच तो निभावला.

त्या काळी संग्राहकांच्या नजरा नाणी, मूर्ती, चित्रांकडे असत. केळकरांची नजर स्वयंपाकघर आणि माजघरात फिरली. अडकित्ते, समया, दौती, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्री. अडकित्ता तो काय, सुपारी कातरायचं साधन. पण कुणा कारागिराने त्याला पोपटाचा आकार दिला, कुणी घोड्याचा. रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूवर एवढी मेहनत कशासाठी, हे तिथे काचेसमोर उभं राहिल्यावर कळतं. कोथरूडचा मोडकळीला आलेला मस्तानी महालही त्यांनी इथे आणून पुन्हा उभा केला.

वीस हजारांवर वस्तूंचा हा संग्रह त्यांनी राज्य सरकारच्या हवाली केला. 1980 साली ‘पद्मश्री’ मिळाली.

घरातल्या माळ्यावरची पितळी भांडी मोडीत घालण्याआधी, वाचकहो, एक चक्कर बाजीराव रस्त्यावरच्या या संग्रहालयात मारून या.