दोन पौंडांचा कप

गेल्या वर्षी मुलीकडे लेस्टरला दोन महिने राहण्याचा योग आला. तेथील ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जिनालयात दर्शन घेऊन परतताना वाटेत एक चिंचोळे दुकान लागे. पाटीवर मांजराचे चित्र आणि काचेआड जुने कोट, पुस्तके, कपबशा. जखमी वा टाकून दिलेल्या मांजरांचा सांभाळ करणाऱ्या एका लहानशा संस्थेचे ते दुकान. लोकांनी दिलेल्या वस्तू विकायच्या आणि आलेल्या पैशांतून त्या मुक्या जिवांचे औषधपाणी करायचे, असा तेथील व्यवहार.

खरे सांगायचे तर आत पाऊल पडेना. परक्याचे उतरलेले कपडे अंगाला लावू नयेत, असे ऐकतच आपण मोठे झालो. जुनेर बोहारणीला द्यायचे आणि बदल्यात पातेले थोडे मोठे मिळावे म्हणून अर्धा तास हुज्जत घालायची, एवढाच आपला जुन्या कपड्यांशी संबंध. पण सांगलीच्या हळदीच्या अडतीवर पोसलेल्या घरातली मी. दुकान दिसले की त्याचा हिशेब जाणून घेतल्यावाचून राहवत नाही.

तो हिशेब मुलीने समजावला. मालाचा खरेदीभाव शून्य. गल्ल्यावरच्या दोघी वृद्धा विनावेतन बसणाऱ्या. दान मिळालेला माल विकणाऱ्या अशा धर्मादाय दुकानांना तेथे स्थानिक करात ८० टक्के सवलत असते. शिवाय वस्तू देणारा आयकर भरणारा असेल आणि त्याने एका कागदावर सही केली असेल, तर त्याची वस्तू दहा पौंडांना विकली गेल्यावर सरकार संस्थेस आणखी अडीच पौंड देते. न खपलेले कपडे वजनावर चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे जातात. काहीच वाया जात नाही. आपल्या वाडवडिलांनी हा चोपडा पाहिला असता, तर मान डोलावली असती.

त्यांना तो परकाही वाटला नसता. प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी लंडनमध्ये संस्था स्थापन झाली ती १८२४ मध्ये. मुंबईचे पांजरापोळ जमशेटजी जीजीभॉय आदींच्या पुढाकाराने १८३४ मध्ये उभे राहिले. व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लाग बसवून पांजरापोळे चालवली. आमच्या अडतीच्या पट्टीवरही धर्मादायाचा रकाना असे आणि सासरे तो आधी भरून मगच पुढची बेरीज करीत.

तर त्या दुकानात मला एक कप आवडला. पांढराशुभ्र, कडेला निळ्या फुलांची वेल, उजेडापुढे धरला तर पलीकडची बोटे दिसावीत इतका पातळ. किंमत दोन पौंड. सवयीने म्हणाले, ‘‘दीडला देतात का विचार.’’ मुलगी हळूच म्हणाली, ‘‘आई, इथे सूट मागायची म्हणजे मांजराच्या वाटीतलं दूध काढून घेण्यासारखं आहे.’’ वरमून पूर्ण पैसे दिले.

कप कागदात गुंडाळण्यासाठी त्या बाईंनी पालथा केला, तेव्हा तळाशी दिसले : बोन चायना.

या मातीत गुरांच्या हाडांची राख मिसळलेली असते, आणि तीही चिमूटभर नव्हे; अनेकदा जवळजवळ निम्मी. अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोड यांनी इंग्लंडमध्येच हे मिश्रण नावारूपाला आणले. कपाचा तो नितळपणा त्या राखेचाच. मांजर वाचवण्यासाठी मी जी वस्तू घेत होते, तिच्यात कुठल्या तरी गायीची हाडे होती. मागच्या भिंतीवर चामड्याच्या पर्सही टांगलेल्या होत्या. त्या इतका वेळ माझ्या डोळ्यांना दिसल्या कशा नाहीत, कोण जाणे.

त्या बाईंना मी दोष देणार नाही. लोक देतील ते त्या विकतात, आणि त्या कपासाठी नव्याने कोणताही जीव गेला नव्हता. तरीही तो ओठांना लावणे मला शक्य नव्हते. कप तेथेच ठेवला आणि परत मिळालेले दोन पौंड शेजारच्या दानपेटीत टाकले. त्यांना काय वाटले असेल ते असो.

रात्री झोप येईना. सांगलीच्या घरी काचेच्या कपाटात माझ्या लग्नात मामांनी दिलेला चहाचा संच आहे. खास पाहुण्यांसाठी आम्ही तोच काढतो. पहाटे मुलाला फोन करून एक कप उलटा करून पाहावयास सांगितले. बराच वेळ पलीकडून काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, ‘‘आई, लिहिलंय.’’

परतल्यावर संच खाली काढला. विकावा, तर त्याचे पैसे हाती येतात. कोणाला द्यावा, तर दोष नुसता पुढे सरकतो. फोडावा, तर मामांची आठवण फुटते आणि गाय काही परत येत नाही. तूर्त तो जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे, आणि व्याही येतात तेव्हा चहा स्टीलच्या पेल्यांतून देते.