डावखुऱ्याची बारा बोअर

गेल्या महिन्यात दोन दिवस जालन्याला जाऊन आलो. मस्तगडला आमचं जुनं घर आहे. जालन्याबाहेरच्या लोकांना मस्तगड म्हटलं की सह्याद्रीतला एखादा बेलाग किल्ला वाटतो आणि मग "ट्रेकला येऊ का रे?" अशी विचारणा होते. तर मंडळी, मस्तगड ही शहराच्या पोटातली, कुंडलिका नदीजवळची गढी आहे, १७२५ सालची, म्हणजे पहिल्या निजामाच्या काळातली. तिथे दोर-बिर लावून चढण्यासारखं काही नाही. असो.

रात्री जेवणं झाल्यावर आबांनी विषय काढला.

"बंदूक आता तुझ्या नावावर करून घे. तुझ्या बापाला त्यात रस नाही आणि माझ्यानं आता होत नाही."

"आबा, पण मी डावखुरा आहे."

"मग? बंदुकीला काय कळतंय, कोणता हात हाय ते?"

इथेच आबांचं चुकतं. बंदुकीला कळतं. चांगलंच कळतं. आजची पोस्ट त्याबद्दल आहे.

आधी एक खुलासा. ऑफिसात हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, "म्हणजे तू शिकारीला जाणार?" नाही. आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आवळली गेली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचे परवानेच संपले. आता उरली ती तीन कामं: स्वसंरक्षण, नेमबाजीचा खेळ आणि पीक राखण. आबांची बंदूक या तिसऱ्या कामाची. बदनापूरकडे आमचं शेत आहे. मोसंबी, मका, तूर, हरभरा. आणि रात्री रानडुकरं. अधूनमधून रोही. ज्याने एका रात्रीत डुकरांनी लोळवलेला मक्याचा प्लॉट पाहिलेला नाही, त्याने शेतकऱ्याला भूतदयेवर प्रवचन देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण बंदूक हे त्याचं उत्तर आहे का? त्याकडे शेवटी येतो.

कायद्याच्या बाजूने आबांचं म्हणणं बरोबर आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा बंदूक बाळगून त्याला २५ वर्षं झाली, की हयातीतच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. आबा दोन्ही अटींत बसतात. मला अर्ज, पोलीस पडताळणी आणि शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण एवढं पार पाडायचं आहे. म्हणून पुण्यात एका क्लबमध्ये नाव घातलं आणि तिथेच पहिला धडा मिळाला.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी बंदूक हातातही दिली नाही. म्हणाले, दोन्ही हात लांब करा, तळव्यांचा छोटा त्रिकोण करा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, आता एकेक डोळा मिटा. उजवा मिटला तर घड्याळ जागेवर, डावा मिटला तर घड्याळ गायब. म्हणजे माझा प्रमुख डोळा डावा. हात कोणता हा प्रश्न दुय्यम आहे. सचिन सही डाव्या हाताने करतो आणि बॅट उजव्याची धरतो, त्याचं काही बिघडलं नाही. पण छर्ऱ्याच्या बंदुकीला रायफलसारखी मागची माशी नसते. मागची माशी म्हणजे तुमचा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून, नळीकडे न बघता लक्ष्याकडे बघत मारायचं असतं. डोळा एकीकडे आणि खांदा दुसरीकडे असेल तर सगळाच घोळ.

लहानपणी आजी मला डाव्या हाताने जेवू देत नसे. "काहून रं, देवानं उजवा हात कशाला दिला?" हे वाक्य मी रोज ऐकलेलं आहे. त्यामुळे मी आजही जेवतो उजव्याने आणि लिहितो डाव्याने. म्हणून मला वाटलं होतं की बंदुकीचंही जमवून घेऊ, उजव्या खांद्याला लावू. प्रशिक्षक म्हणाले, "अजिबात नाही. डोळा डावा आहे ना, मग डाव्या खांद्यालाच लावा." आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला डावा हात वापरायला सांगत होतं!

पण क्लबची बंदूक उजव्यांची होती. पहिल्या दहा गोळ्यांत माझे छर्रे कागदाच्या उजव्या बाजूला. पुढच्या दहातही तेच. सातत्य असेल तर तो बग असतो, योगायोग नसतो. कारण असं, की बहुतेक चांगल्या बंदुकांचा दस्ता सरळ नसतो. उजव्या माणसाचा डोळा नळीच्या बरोबर मागे यावा म्हणून तो किंचित उजवीकडे वळवलेला असतो. त्याला कास्ट ऑफ म्हणतात. डावखुऱ्याने तीच बंदूक धरली की त्याचा डोळा नळीच्या मध्यरेषेपासून आणखी उजवीकडे सरकतो. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत अंतर साधारण एक मीटर. डोळा फक्त ३ मिलिमीटर सरकला तरी ३६ मीटरवर चूक दहा-अकरा सेंटिमीटरची. साधं त्रैराशिक आहे. त्यात घाईने खांद्याला लावलेली बंदूक आणि पळणारं लक्ष्य मिळवा.

आता बंदूक निवडायची कशी? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या सवयीप्रमाणे मी रिक्वायरमेंट लिहून काढल्या. एकच बंदूक, कारण दोन-दोन ठेवायची ऐपत आणि हौस दोन्ही नाही (२०१९ च्या दुरुस्तीनंतर तसंही सामान्य माणसाला जास्तीत जास्त दोनच). क्लबमध्ये मातीच्या तबकड्या मारता आल्या पाहिजेत, शेतावर राखणीला चालली पाहिजे, काडतूस कुठेही मिळालं पाहिजे, आणि डावखुऱ्याला सुरक्षित असली पाहिजे.

बोअरचा निर्णय सोपा. बारा. हा आकडा कुठून आला हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास येईल तो बारा बोअर. ४५३.६ ग्रॅम भागिले १२, शिशाची घनता ११.३४, गोलाचं सूत्र लावा, व्यास येतो साडेअठरा मिलिमीटर. करून बघा, बरोबर जमतं. बाराची काडतुसं आपल्या पुण्यातच, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होत आली आहेत. शक्तिमान एक्सप्रेस हे नाव जुन्या परवानाधारकांच्या तोंडी असतं. तबकड्यांना बारीक छर्रा, मोठ्या जनावराला एलजी किंवा एसजी, बंदूक तीच. अष्टपैलूपणा बंदुकीत कमी आणि काडतुसात जास्त असतो.

आता प्रकार.

पंप अ‍ॅक्शन आणि ऑटो दिसायला झकास, सिनेमातल्यासारख्या. पण बहुतेकींचं रिकामं काडतूस उजवीकडून उडतं. उजव्या माणसाचं तोंड दस्त्याच्या डाव्या बाजूला असतं, त्याला काही त्रास नाही. माझा चेहरा मात्र उजव्या बाजूला, म्हणजे काडतूस माझ्या नाकासमोरून जाणार. शिवाय चापामागचं सेफ्टीचं बटण उजव्या तर्जनीच्या सोयीचं. बाहेरच्या देशांत यावर उपाय आहेत: इथाका ३७ आणि ब्राउनिंग बीपीएस काडतूस खालून टाकतात, मॉसबर्ग ५०० ची सेफ्टी वर अंगठ्याशी असते, रेमिंग्टन ८७० ची डावी आवृत्तीही निघाली होती. पण आपल्याकडे १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला बंदूक आयात करता येत नाही. जुन्या आलेल्या हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती ऐकून घाम फुटतो. त्यात डावी शोधायची म्हणजे विसराच.

एकनळी स्वस्त आणि हलकी. पण हलकी म्हणून धक्का जास्त, आणि तबकड्यांच्या खेळाला एकच बार पुरत नाही.

राहिली दुनळी, शेजारी-शेजारी नळ्यांची, मोडून भरायची. आबांकडे आहे तीच! हा शोध लावायला मला तीन महिने आणि एक एक्सेल शीट लागलं. दुनळीची सेफ्टी मानेवर मधोमध असते, दोन्ही अंगठ्यांना सारखीच. काडतूस बाजूला उडत नाही, मोडल्यावर मागून निघतं. उघडण्याची कळ उजवीकडे ढकलावी लागते, ती डाव्या अंगठ्याला उलटी पडते, पण सवय होते. दोन चाप म्हणजे दोन पर्याय: बहुतेक बंदुकांत पुढचा चाप उजव्या, थोड्या मोकळ्या चोकच्या नळीचा, मागचा डाव्या आवळ नळीचा. पूर्ण चोक असेल तर ४० यार्डांवर साधारण ७० टक्के छर्रे ३० इंची वर्तुळात पडतात. जवळचं की लांबचं हे तुम्ही त्या क्षणी बोटाने ठरवता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोडलेली बंदूक शेतातल्या कोणालाही लांबून कळते की आता ही उडू शकत नाही.

दस्त्याचं काय? अक्रोडाचा दस्ता गरम करून हळूहळू दुसऱ्या बाजूला वळवता येतो. परवाना असलेल्या कारागिराकडेच द्यायचा, गावातल्या सुताराकडे नाही. तेही नको असेल तर गालाशी चामड्याची पट्टी आणि मागे रबरी पॅड, एवढ्यानेही फरक पडतो. नव्या डावखुऱ्या परवानाधारकाला माझा सल्ला विचाराल तर तो एवढाच: डोळा तपासा, दुनळी घ्या, बंदुकीपेक्षा दस्त्यावर पैसे घाला. पंपच्या मोहात पडू नका.

आता पीक राखणीकडे येतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीनंतर मी आणि आबा जागलीला गेलो होतो. मध्यरात्री मक्यात खसफस झाली. आबांनी बंदूक उचलली. माझ्या हातात बॅटरी. उजेडात दोन डोळे चमकल्यासारखे वाटले. आबा म्हणाले, "डुक्कर हाय." आबांचा मोतीबिंदू तेव्हा काढलेला नव्हता. मी बॅटरी हलवली आणि उजेडात पांढरं धोतर दिसलं. शेजारच्या वाट्याचे काका होते. तेही डुकरं हाकायलाच आले होते, चमकलं ते त्यांच्या हातातलं पितळी भांडं. आबांनी बंदूक मोडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली आणि बांधावर बसले. काका जवळ येऊन तंबाखू मागू लागले. त्यांना काहीच कळलं नव्हतं. आम्हीही सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितोय.

त्या रात्री दस्ता डावा की उजवा, चोक कोणता, याने काहीही फरक पडला नसता.

म्हणून माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पीक राखायला बंदूक हे चुकीचं हत्यार आहे. एक तर कायदा: राखणीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. १९५९ चा शस्त्र कायदा पीक राखणीला मुळात ठासणीची बंदूक धरतो, ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी. आणि डुक्कर किंवा रोही मारायला वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. दुसरं, डुकरं कळपाने येतात, एक पडलं तरी बाकीची येतच राहतात. २०१६ च्या जूनमध्ये बिहारात मोकामाला बाहेरून नेमबाज आणून दोनशेवर रोही मारले, त्यावरून केंद्रातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले, आणि प्रश्न अजून तिथेच आहे. तिसरं, रात्रीच्या अंधारात मक्यात डुकरंच असतात असं नाही.

यंदा आम्ही सौर झटका मशीन लावलं. तारेत सेकंदा-दीड सेकंदाला एक क्षणभराचा झटका जातो, जनावर दचकतं, मरत नाही. (थेट लाइनचा करंट तारेत सोडणारे महाभाग आहेत, त्यात माणसं मेली आहेत. तो गुन्हा आहे.) तारेखालचं गवत दर पंधरा दिवसांनी काढावं लागतं, नाहीतर झटका जमिनीत उतरतो. काम कंटाळवाणं आहे. पण मका उभा आहे.

मग परवाना कशाला? आबांनीही हेच विचारलं. मी म्हणालो, "तबकड्या मारीन. आणि दुसऱ्या कोणाच्या हातात जायला नको म्हणून."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतून बंदूक आणली, मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं मला दाखवलं आणि म्हणाले, "धर. डाव्यानं धर, बघू दे कसा दिसतो."

आजी असती तर ओरडली असती.

अर्ज पुढच्या आठवड्यात भरतोय. पुढचं पुढे. तूर्तास इतकंच.