पहिल्या फेरीच्या भाकिताची बाजू

उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, नवे खेळाडू संघांकडे येतात ते मुख्यतः वार्षिक ड्राफ्टमधून. ही पद्धत १९६३ साली माँट्रियलमध्ये सुरू झाली. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने एक फरक आधीच ध्यानात घ्यावा: येथे बोली लागत नाही. संघ ठरलेल्या क्रमाने येतात, आपली पाळी आली की एक नाव घेतात आणि त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क त्या संघाचा होतो. सरत्या हंगामात जो तळाला राहिला तो पुढे, हा ढोबळ नियम. पहिला क्रमांक मिळावा म्हणून कोणी मुद्दाम हरू नये यासाठी १९९५ पासून प्ले-ऑफ न गाठलेल्या संघांमध्ये सोडत काढतात. २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता अवघी ३.५ टक्के होती. सोडत त्यांनाच लागली आणि त्यांनी मॅथ्यू शेफर हा बचावपटू घेतला. आज ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात. संघ ३२ असल्याने पहिल्या फेरीत साधारणपणे ३२ नावे पुकारली जातात. ही नावे कोणती असतील आणि कोणता संघ कोणाला घेईल याचे आधीच मांडलेले भाकीत म्हणजे मॉक ड्राफ्ट.

या भाकितावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत, म्हणून ते पूर्ण ताकदीने मांडणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप असा की सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे पुढे काय होईल हे कोणीही सांगू शकत नाही, मग भाकिताला अर्थ काय? दुसरा हिशेबी आहे: ३२ पैकी नेमक्या जागी बसलेली नावे मोजली तर नामांकित अभ्यासकांच्या हातीही थोडीच लागतात. तिसरा आक्षेप दरवर्षी निकालाच्या रात्री नव्याने घेतला जातो. कोणत्या तरी संघाने कोणाच्या ध्यानीमनी नसलेले नाव पुकारले की भाकीत करणारे सगळेच तोंडघशी पडले असे म्हटले जाते. चौथा आक्षेप नैतिक आहे आणि सर्वांत वजनदार आहे: अजून शाळेत असलेल्या मुलांना जाहीर क्रमांक चिकटवण्याचा अधिकार कोणी दिला?

पहिल्या आक्षेपात दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत आहे. कोणता मुलगा मोठा खेळाडू होईल हा एक प्रश्न, आणि कोणता संघ त्या रात्री कोणाचे नाव पुकारेल हा दुसरा. मॉक ड्राफ्ट फक्त दुसऱ्याचे उत्तर देतो. १९९३ मध्ये ओटावा सेनेटर्स अलेक्झांडर दैग्लला पहिला घेणार हे सर्वांना ठाऊक होते आणि तसेच झाले. दुसऱ्या क्रमांकावर हार्टफर्डने घेतलेला क्रिस प्राँगर पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. दैग्ल त्या अपेक्षेच्या जवळपासही पोचला नाही. येथे चुकला तो संघ. भाकीत शंभर टक्के खरे ठरले. २०१२ मध्ये एडमंटनने पहिला घेतलेला नेल याकुपोव्ह सहा हंगामांत लीगबाहेर गेला, त्यालाही हेच लागू होते. उलट बाजूने पावेल दात्स्युक १९९८ मध्ये १७१ वा आणि हेन्रिक झेटरबर्ग १९९९ मध्ये २१० वा निवडला गेला, हे दाखले भाकिताविरुद्ध देता येत नाहीत. या दोघांना खुद्द डेट्रॉइटनेही पहिल्या फेरीत घेतले नव्हते. पहिल्या फेरीच्या यादीत त्यांची नावे न लिहिणारा त्या रात्रीपुरता बरोबरच होता.

दुसरा आक्षेप मोजमापाचा आहे आणि तो आकड्यांनीच खोडता येतो. समजा, एका अभ्यासकाने ३२ नावांचा क्रम लावला. निकालात त्याचा चौदावा खेळाडू सहाव्या जागी गेला आणि बाकीच्यांचा आपापसातला क्रम तंतोतंत तोच राहिला. आता सहा ते तेरा या जागांवर लिहिलेली आठ नावे एकेक पायरी खाली सरकतात, जसे रांगेत एकजण मध्येच घुसला की मागचे सगळे सरकतात. नेमक्या जागेचा निकष लावला तर नऊ चुका होतात. प्रत्यक्षात अंदाज चुकला तो एका खेळाडूबद्दल. तेच भाकीत अंतराने मोजा: एक नाव आठ पायऱ्यांनी आणि आठ नावे एकेक पायरीने, म्हणजे एकूण सोळा पायऱ्यांची चूक, ३२ नावांवर वाटली तर सरासरी अर्धी पायरी. एकाच भाकिताला पहिले माप नापास करते आणि दुसरे उत्कृष्ट ठरवते. ज्या मापात एकाच चुकीची शिक्षा नऊ वेळा होते ते माप टाकून दिले पाहिजे. संघ आणि नाव यांची जोडी जुळवण्याचा निकष तर याहून कठोर आहे, कारण वरच्या एका जागी चूक झाली की पुढच्या प्रत्येक संघासमोर वेगळीच नावे शिल्लक राहतात.

तिसरा आक्षेप, म्हणजे अनपेक्षित निवडींचा, सर्वांत रंजक आहे. अनपेक्षित निवडी सरसकट एका जातीच्या नसतात. काहींचे मूळ खेळाडूत नसून व्यवहारात असते. २६ जून २०१५ या ड्राफ्टच्याच दिवशी बॉस्टन ब्रुइन्सने मिलान लुचिचला लॉस एंजेलिसकडे आणि डगी हॅमिल्टनला कॅल्गरीकडे धाडले. मोबदल्यात तेरावा आणि पंधरावा क्रमांक मिळाला; चौदावा त्यांचा स्वतःचा होता. सकाळी तेराव्या जागी लॉस एंजेलिस आणि पंधराव्या जागी कॅल्गरी लिहिणारा मनुष्य अज्ञानी नव्हता; त्या घडीला जागा त्यांच्याच होत्या. बॉस्टनने ओळीने याकुब झबोरिल, जेक डिब्रस्क आणि झॅक सेनिशिन यांना घेतले. बहुतेक याद्यांत बरेच खाली असलेला सेनिशिन पुढे एनएचएलमध्ये मोजकेच सामने खेळला. बॉस्टननंतर लगेच निवडले गेलेले तिघे म्हणजे मॅथ्यू बार्झल, काइल कॉनर आणि थॉमस शाबो, आणि तिघेही आपापल्या संघांचे आधारस्तंभ झाले. असा निकाल पाहून भाकीतच तेवढे निरर्थक म्हणायचे आणि संघाच्या निर्णयाला काहीच विचारायचे नाही, हा न्याय उफराटा आहे.

काही निवडींमागे कराराचे कारण असते. २०२३ मध्ये मातव्हेइ मिचकोव्ह निव्वळ कौशल्यावर पहिल्या तिघांत बसू शकत होता. तो सातव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि फिलाडेल्फियाने त्याला घेतले. सेंट पीटर्सबर्गच्या एसकेए संघाशी त्याचा २०२६ पर्यंतचा करार होता आणि तोवर थांबण्याची तयारी प्रत्येक संघाची नव्हती. (तो प्रत्यक्षात २०२४ मध्येच आला.) चांगल्या अभ्यासकाला हा करार माहीत होता, म्हणूनच त्या वर्षीच्या अनेक भाकितांत त्याला दुसऱ्या-तिसऱ्या जागेऐवजी खाली ठेवलेले होते. येथे घसरण अनपेक्षित नव्हतीच. जन्मतारखेसारखी साधी बाबही अशीच निर्णायक असते. १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण करणाऱ्यालाच त्या वर्षी पात्रता मिळते. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांच्या फरकाने तो २०१५ ऐवजी २०१६ च्या ड्राफ्टमध्ये आला आणि पहिला निवडला गेला.

राहिल्या त्या निवडी, ज्यांत संघाचे मत खरोखरच बाकी जगापेक्षा वेगळे असते. २०१९ मध्ये डेट्रॉइटचे नवे जनरल मॅनेजर स्टीव्ह आयझरमन यांनी सहाव्या क्रमांकावर मानहाइमकडून खेळणारा जर्मन बचावपटू मोरिट्झ झायडर घेतला. नाव पुकारल्यावर झायडरच्या स्वतःच्या चेहऱ्यावरचा अचंबा कॅमेऱ्याने टिपला. २०२४ मध्ये लास व्हेगासच्या स्फिअरमध्ये अनाहाइमने बेकेट सेनेकीला तिसरा घेतला तेव्हाही हेच दृश्य दिसले. झायडर २०२२ मध्ये सर्वोत्कृष्ट नवोदिताच्या कॅल्डर ट्रॉफीचा मानकरी ठरला. त्याची निवड धाडसी होती हे आज म्हणता येते, कारण त्या वेळचे सर्वसाधारण मत याद्यांच्या रूपाने लेखी उपलब्ध आहे. भाकिते नसती तर धाडस कोणते आणि नेहमीची निवड कोणती हे ओळखण्याचे साधनच उरले नसते. अनपेक्षित निवड भाकिताचे हे मोल सिद्ध करते, आणि आक्षेपकांच्या नजरेतून नेमके तेच निसटते.

येथे भाकिताच्या काही मित्रांचाही समाचार घेणे भाग आहे, कारण शत्रूंपेक्षा त्यांनी जास्त नुकसान केले आहे. पहिले मित्र अधिकृत याद्यांनाच भाकीत समजणारे. नवे खेळाडू पारखणारा लीगचा सेंट्रल स्काउटिंग विभाग १९७५ पासून काम करतो. तो एक यादी काढत नाही, चार काढतो: उत्तर अमेरिकेतले स्केटर, तिथले गोलरक्षक, बाहेरच्या देशांतले स्केटर आणि तिथले गोलरक्षक. २०२२ मध्ये शेन राइट पहिल्या यादीत अव्वल होता आणि स्लोव्हाकियाचा युराय स्लाफकोव्स्की बाहेरच्या स्केटरांत अव्वल होता. ७ जुलै रोजी माँट्रियलने आपल्याच प्रेक्षकांसमोर स्लाफकोव्स्कीला पहिला घेतला आणि राइट चौथ्या क्रमांकावर सिअॅटलकडे गेला. तेव्हा सेंट्रल स्काउटिंग चुकले असा गलका झाला. त्यांच्या याद्यांनी या दोघांची तुलना केलेलीच नव्हती. तुलना करायची तर पुरावा समोर होता. कोविडमुळे ओंटारिओ हॉकी लीगचा २०२०–२१ चा हंगाम रद्द झाला आणि राइटचे विकासाचे एक वर्ष गेले. स्लाफकोव्स्कीने मात्र सतराव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये सात गोल केले, स्लोव्हाकियाला कांस्यपदक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेब्रुवारीतल्या या स्पर्धेनंतरही जुनाच क्रम पुढे लिहीत राहिलेल्यांनी हा पुरावा तोलला नाही.

दुसरे मित्र सगळे काही आकडेमोडीवर सोपवणारे. ज्युनियर लीगमधला गोल आणि स्वीडन किंवा फिनलंडमध्ये प्रौढांच्या संघातला गोल सारखे नसतात, म्हणून एका लीगच्या गुणांचे दुसऱ्या लीगच्या गुणांत रूपांतर करण्याच्या पद्धती निघाल्या. त्या उपयुक्त आहेत. पण केल मकार हा अल्बर्टाच्या दुय्यम ज्युनियर लीगमध्ये ब्रुक्स बँडिट्सकडून खेळत होता आणि २०१७ मध्ये कोलोरॅडोने त्याला चौथा घेतला. त्या पातळीवरच्या गुणांना किती वजन द्यावे हे गणित सांगत नाही, त्याचे स्केटिंग डोळ्यांनी पाहिलेला स्काउट सांगतो. शिवाय मॉक ड्राफ्टचा विषय आहे संघांचा निर्णय, आणि निर्णय घेणाऱ्यांना विचारणे हा तो जाणण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे. टीएसएन या क्रीडावाहिनीचे बॉब मॅकेन्झी यांची यादी वर्षानुवर्षे विश्वसनीय ठरली ती याच कारणाने. ते स्वतःची आवड मांडत नाहीत, निरनिराळ्या संघांच्या स्काउटांची मते गोळा करून त्यांचा मध्य काढतात.

नैतिक आक्षेपाचा अर्धा भाग मान्य करावाच लागेल. नातलगांसह प्रेक्षागृहात बसलेला मुलगा एकेका नावागणिक खाली जातो, तेव्हा छापील क्रमांकाने त्याचे दुःख वाढते यात शंका नाही. शरीराची चेष्टा होते ती तर अक्षम्य आहे. २०१४ च्या शारीरिक चाचणीत सॅम बेनेटला एकही पुल-अप काढता आला नाही याची बातमी सर्वत्र फिरली. कॅल्गरीने त्याला चौथा घेतला, आणि २०२५ मध्ये फ्लोरिडाकडून तो स्टॅन्ली कपच्या प्ले-ऑफमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. परंतु क्रमांक लावण्याचे काम अभ्यासकांनी सुरू केलेले नाही. प्रत्येक संघाकडे या मुलांची स्वतःची गुप्त यादी असते आणि भवितव्य ठरते ते त्या यादीने. जाहीर भाकितामुळे निदान मुलाला आणि पालकांना बाजार कसा पाहतो आहे ते आधी कळते आणि घसरण अगदीच अंधारात होत नाही. टीका करायची असेल तर भाकिताच्या भाषेवर करावी. मुलाच्या देहावर किंवा स्वभावावर शेरे मारणारे भाकीत लिहिले जाऊ नये. त्याच्या खेळावर आणि संघाच्या गरजेवर लिहावे.

मग भाकीत कसे असावे? पहिल्या एक-दोन जागांवर बहुधा एकमत असते आणि तेथे ठामपणे नाव लिहिता येते. त्यापुढे एका जागेसाठी एक नाव लिहिण्यापेक्षा गट पाडणे अधिक प्रामाणिक: हे चौघे तीन ते सहामध्ये, हे सहाजण सात ते बाराच्या आसपास. विसाव्या जागेच्या पुढे संघांच्या याद्यांत इतकी तफावत पडते की एखाद्याचा विसावा दुसऱ्याच्या यादीत चाळिसावा असू शकतो, आणि हे वाचकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. सोडतीआधीचे भाकीत नावांपुरते ठेवावे. संघांशी जोड्या सोडतीनंतरच लावाव्यात. प्रत्येक जोडीला कारण हवे: संघाकडे सेंटर कमी आहेत, त्यांचा मुख्य स्काउट स्वीडनमध्ये जास्त फिरतो, जनरल मॅनेजर उंच बचावपटू पसंत करतो. कारण लिहिले की चूक झाल्यावर नेमके काय चुकले ते शोधता येते.

आणि निकालानंतर हिशेब जाहीर झाला पाहिजे. पहिल्या फेरीत जातील म्हणून लिहिलेल्यांपैकी किती गेले, सरासरी अंतर किती पडले, आणि प्रत्येक मोठी चूक तीनपैकी कोणत्या कारणाने झाली: क्रमांकांची अदलाबदल, करार किंवा पात्रतेची बाब नजरेतून सुटणे, की संघाचे खरोखरच वेगळे मत. बॉस्टनचा तेरावा आणि पंधरावा क्रमांक पहिल्या रकान्यात पडतो, मिचकोव्हला दुसरा-तिसरा लिहिणाऱ्याची चूक दुसऱ्या, आणि झायडर व सेनेकी तिसऱ्या.