हिशेब मागायचा नाही, मांडायचा



महिन्याची 20 तारीख उलटली की बऱ्याच घरांत एक प्रश्न हमखास येतो, "एवढे पैसे गेले कुठे?" प्रश्न साधा आहे, पण तो कोण कोणाला विचारतं ते बघा. बहुतेक वेळा कमावणारा माणूस घर चालवणारीला विचारतो. म्हणूनच आपल्याकडे 'हिशेब मागणे' या शब्दांना आरोपाचा वास आहे. "हिशेब दे" म्हटलं की समोरचं माणूस आधी गप्प होतं आणि मग चिडतं. अशा घरात भाजीवरचे 20-30 रुपये वाढवून सांगितले जातात आणि मित्राला उसने दिलेले 2,000 रुपये सांगितलेच जात नाहीत.

माझं मत असं की घराचा हिशेब संगणकावर ठेवावा आणि तो सगळ्यांनी मिळून ठेवावा. खर्च कमी होईल का, हा नंतरचा प्रश्न. आधी घरातल्या प्रत्येकाचा पैसा एकाच ठिकाणी मांडलेला दिसायला हवा. पेट्रोल, चहाची टपरी, मोबाईलचा हप्ता, किराणा, क्लासची फी, सगळं एका ओळीत.

वही का पुरत नाही?

वही वाईट नाही. आपल्या आई-आजींनी वहीवरच संसार सावरले. पण तेव्हा पैसा डब्यात किंवा पाकिटात असे आणि संपत आला की डोळ्यांना दिसे. 2016 साली यूपीआय आलं आणि पैसा हाताला लागेनासा झाला. दिवसात दहा ठिकाणी क्यूआर स्कॅन होतो, दोघांच्या दोन मोबाईलवरून होतो आणि रात्री वही उघडली की अर्धं आठवत नाही. त्यातून लिहिलंच, तरी वर्षाची बेरीज कोण करणार? वहीत रोजकीर्द होते, खतावणी राहून जाते.

मग मोबाईलवर येणारे बँकेचे मेसेज वाचून आपोआप हिशेब लावणारी अ‍ॅप्स आहेत. ती सोयीची आहेत, पण मी त्यांची शिफारस करत नाही. एक तर घराची सगळी आर्थिक कुंडली आपण दुसऱ्याच्या हातात देतो. दुसरं म्हणजे मेसेजमधून फक्त पैसे गेल्याचं कळतं, कशासाठी गेले ते नाही. एटीएममधून 5,000 काढले तर तो खर्च झालेला नसतो, पैसे बँकेतून पाकिटात आलेले असतात. हा फरक आपल्यालाच सांगावा लागतो.

प्रत्येक रुपयाची दोन टोकं

हा फरक नीट सांभाळणारा एक मोफत प्रोग्रॅम आहे, ग्नूकॅश. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, फाइल आपल्याच संगणकावर राहते आणि खात्यांची नावं सरळ देवनागरीत देता येतात. दुकानदारांना टॅली माहीत असतं, पण घराला एवढं लागत नाही.

ग्नूकॅश द्विनोंदी पद्धतीवर चालतो. हीच पद्धत अकरावीच्या वाणिज्य शाखेत 'पुस्तपालन आणि लेखाकर्म' या विषयात शिकवली जाते. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ती मांडून दाखवली होती. घाबरायचं कारण नाही, कल्पना सोपी आहे. पैसा एका खात्यातून निघतो आणि दुसऱ्या खात्यात पोचतो, म्हणून प्रत्येक नोंदीला दोन टोकं. किराणा घेतला तर 'बँक' कमी आणि 'किराणा' वाढला. एक टोक लिहायचं राहिलं तर ग्नूकॅश ती रक्कम 'इम्बॅलन्स' नावाच्या वेगळ्या खात्यात टाकून ठेवतो. रुपया हरवत नाही, जागा सापडेपर्यंत तिथे थांबतो.

याचा खरा उपयोग कर्जात कळतो. समजा 20 लाखांचं गृहकर्ज आहे, व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता येतो साधारण 17,995 रुपये. वहीत आपण 'हप्ता 17,995' एवढंच लिहितो. दोन टोकांच्या हिशेबात तो फोडावा लागतो. पहिल्या महिन्यात त्यातले 15,000 रुपये व्याजाचे, म्हणजे खर्चात, आणि फक्त 2,995 रुपयांनी कर्ज कमी झालं. वर्षभर मिळून जवळजवळ 2 लाख 16 हजार भरले, पण कर्ज सुमारे साडेसदतीस हजारांनीच घटलं. हे आकडे एकदा डोळ्यांसमोर आले की बोनसचं काय करायचं, या चर्चेचा सूरच बदलतो.

क्रेडिट कार्डाचंही तसंच. वस्तू घेतली त्या दिवशी खर्च झाला, बिल भरलं तेव्हा फक्त देणं फिटलं. वहीत हे दोन्ही लिहिलं जातं, किंवा एकही नाही.

बजेट म्हणजे काटकसर नव्हे

महिन्याचं बजेट नेहमी कोलमडतं, कारण वर्षातून एकदाच येणारे खर्च आपण त्यात धरत नाही. एक काल्पनिक घर घ्या: जूनमध्ये शाळेचा खर्च 14,000, विमा 18,000, दिवाळी 12,000, गणपती 5,000, गाडीचा विमा 3,000, घरपट्टी 2,000. बेरीज 54,000, म्हणजे महिन्याला 4,500. हे 4,500 पगाराच्या दिवशीच 'वार्षिक खर्च' नावाच्या खात्यात वळते केले, तर जून महिना अंगावर येत नाही. ग्नूकॅशमध्ये अशी दरमहाची नोंद एकदाच लावून ठेवता येते. अर्थात नोंद म्हणजे पैसे नव्हेत. बँकेत ते बाजूला ठेवणं आपल्यालाच करावं लागतं.

सुरुवात करताना एवढं पाळा:

1. खर्चाची खाती दहा-बाराच ठेवा. 'भाजी', 'फळं', 'कोथिंबीर' असं वेगळं केलंत तर पंधरा दिवसांत कंटाळाल.
2. आठवड्यातून एक वार ठरवा. अर्धा तास पुरतो. दोघांनी शेजारी बसायचं, एकाने सांगायचं, दुसऱ्याने टाइप करायचं आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल.
3. महिन्याअखेरीस बँकेच्या स्टेटमेंटशी ताळमेळ घाला.
4. फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. ग्नूकॅश स्वतः फाइलला पासवर्ड लावत नाही, म्हणून संगणकाच्या लॉगिनला पासवर्ड हवा.
5. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाने 'हातखर्च' खातं उघडा. रक्कम दोघांनी मिळून ठरवा. ती दिली की नोंद संपली, पुढे ती कुठे गेली हे कोणी कोणाला विचारायचं नाही.

पाचवा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जी बाई नोकरी करत नाही तिलाही कोणाला न सांगता चार पैसे खर्च करता आले पाहिजेत. सॉफ्टवेअरचा उपयोग तिच्यावर नजर ठेवायला होणार असेल, तर त्यापेक्षा वहीही नको आणि संगणकही नको.

"एवढा वेळ कुठे आहे?" असं कोणी म्हणेल. आठवड्याला अर्धा तास म्हणजे मालिकेचा एक भाग. "घरात संगणकच नाही" ही अडचण मात्र खरी आहे. अशांनी मोबाईलवरच्या स्प्रेडशीटमध्ये चार रकाने करावेत: तारीख, कुठून, कुठे, किती. 'कुठून' आणि 'कुठे' हे दोन रकाने असले की मूळ तत्त्व सांभाळलं गेलं. आणि ज्या घरात उत्पन्नच अपुरं आहे, तिथे हिशेबाने पैसे वाढणार नाहीत हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. अशा घराला काटकसरीचे धडे देणं हा आगाऊपणा होईल.

आता वर्गाकडे

बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात नववीला आणि दहावीला 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आहे. ते शिकवताना आपल्यापैकी काही जण उत्साहाने प्रकल्प देतात, "आपल्या घराचा महिन्याचा जमाखर्च लिहून आणा." शिक्षक मित्रांनो, कृपया हे टाळा. कोणाचे वडील कामावरून कमी झालेले असतात, कोणाच्या घरात सावकाराचा हप्ता असतो, कोणाची आई एकटी कमावते. ते मूल एक तर खोटे आकडे लिहितं किंवा वर्गात मान खाली घालून बसतं. आपणच त्याला हिशेब मागितलेला असतो.

त्याऐवजी वर्गाला एक काल्पनिक कुटुंब द्या. उत्पन्न ठरवा, खर्च मुलांना ठरवू द्या. शाळेच्या संगणक कक्षात ग्नूकॅश किंवा साधी स्प्रेडशीट उघडून गटागटाने बारा महिन्यांच्या नोंदी करायला लावा. मधेच एक चिठ्ठी काढा, 'आजी दवाखान्यात, 15,000 खर्च'. कोणता गट कुठून पैसे काढतो, कशावर भांडतो, ते बघा. शेकडेवारी, व्याज, सरासरी सगळं त्यात येतं आणि पैशाबद्दल न लाजता बोलायची सवयही लागते.

पालकांनी घरी एक पाऊल पुढे जायला हरकत नाही. सातवी-आठवीच्या मुलाला वीजबिलाची आणि किराण्याची नोंद करायला द्या. सगळे आकडे दाखवायचे की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण सहलीचे पैसे या महिन्यात का जमत नाहीत, हे ओरडून सांगण्याऐवजी पडद्यावर दाखवता आलं तर मूल समजून घेतं. कदाचित तेच सुचवेल, "बाबा, माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात करू."

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही पूजतात. आपल्याला पाडव्याची वाट बघायची गरज नाही. येत्या एक तारखेला शिल्लक किती आणि देणं किती एवढंच लिहा, आणि ते लिहिताना घरातल्या सगळ्यांना शेजारी बसवा.