सूट नको, शिक्षण हवे

आपल्या निवासी शाळांतून कराटे, ज्युदो, तायक्वांदो वा लाठी शिकविली जाते, याचा आम्हांस आनंद आहे. समता सैनिक दलाचे संचलन पाहत वाढलेल्या समाजाला शिस्तबद्ध शरीराचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. परंतु सकाळी मैदानावर रांगा लागतात तेव्हा पायाला कॅलिपर लावलेला एखादा मुलगा पायरीवर बसलेला असतो. व्हीलचेअरवरची एखादी मुलगी इतरांची हजेरी मांडत असते. विचारले तर उत्तर तयार असते, ‘त्यांना सूट दिली आहे.’ या ‘सूट’ शब्दालाच आमचा आक्षेप आहे.

सूट देणाऱ्याच्या मनात करुणा असते, हे आम्ही नाकारीत नाही. पालकही पुष्कळदा तीच मागतात. लेकरू पडेल, चारचौघांत हसे होईल, ही त्यांची भीती खोटी नव्हे. पण वसतिगृहात राहणाऱ्या मुलांसाठी मैदान हा केवळ एक तास नसतो. मैत्री, वचक, विश्वास हे सारे तेथेच ठरते. त्यातून ज्याला वगळले, त्याला दिवसाच्या उरलेल्या वेळातही वगळले जाते.

आता पडण्याचेच पाहू. ज्युदोचा पहिला धडा दुसऱ्यास पाडण्याचा नसून स्वतः पडण्याचा असतो. जपानी भाषेत त्यास ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीशी घ्यावयाची, पाठ गोल ठेवावयाची, डोके चटईला लागू द्यावयाचे नाही आणि तळहातासह संपूर्ण बाहूने थाप मारून आघात विभागून टाकावयाचा. हा धडा उभ्याने सुरू होतही नाही. आधी उताणे पडून, मग बसून, मग उकिडवे बसून आणि शेवटी उभे राहून तो गिरविला जातो. ज्या मुलाचा पाय पोलिओने किंवा सेरेब्रल पाल्सीने अधू आहे, त्याला रोजच्या आयुष्यात पडण्याचा धोका इतरांहून अधिक. नेमके त्यालाच पडण्याच्या शिक्षणातून आपण सूट देतो!

जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदोची स्थापना केली. त्या विद्येचा मोठा भाग, ‘ने-वाझा’, जमिनीवरच खेळला जातो. तेथे पकड, वजन आणि श्वास यांचे काम असते, धावण्याचे नव्हे. आयकिदोमध्ये तर दोघांनीही गुडघ्यांवर बसून करावयाची तंत्रे आहेत. अर्थात ज्यांचे गुडघे आखडले आहेत त्यांच्यावर ती लादू नयेत. व्हीलचेअर तलवारबाजी १९६०च्या रोम येथील स्पर्धांपासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. तीत खुर्च्या चौकटीत घट्ट बसविलेल्या असतात, मागे सरकण्याची सोयच नसते. म्हणून धड आणि हात यांचा वेग विलक्षण लागतो. दृष्टिबाधितांच्या ज्युदोत मुख्य बदल एवढाच, की परस्परांची पकड घेऊनच लढत सुरू होते. त्याच ज्युदोत आपल्या देशाच्या कपिल परमार यांनी २०२४ साली पॅरिस येथे कांस्यपदक मिळविले. नियम थोडा वाकला, विद्या वाकली नाही.

म्हणूनच दयेने दिलेला पट्टाही आम्हांस मान्य नाही. कातामध्ये लाथ आहे आणि विद्यार्थ्यास ती शक्य नाही, तर तिच्या जागी कोणती क्रिया करावयाची हे गुरूने आधीच ठरवून द्यावे. मग परीक्षा मात्र पूर्ण कसोशीने घ्यावी. दिशा, वेळ, नजर, श्वास यांत तसूभरही ढिलाई नको. अधू मुलाला ढिला न्याय नको असतो. न्याय हवा असतो.

बोधिधर्मांनी शाओलिनमध्ये युद्धकला शिकविली, ही कथा आपल्या कार्यक्रमांत हमखास सांगितली जाते. ती उत्तरकालीन आख्यायिका आहे, आणि आपल्याला तिची गरजही नाही. सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे आणि पहुडणे या चारही अवस्थांत सजग राहावयास सांगितले आहे; त्यांत बसणे चालण्याहून खालचे मानलेले नाही. शरीरावरून ज्यांची थट्टा झाली त्या ठेंगण्या लकुण्टक भद्दियांना मधुर स्वराच्या भिक्खूंत अग्रस्थान मिळाले. कुबड असलेली दासी खुज्जुत्तरा बहुश्रुत उपासिकांत अग्र ठरली. संघाने त्यांना सूट दिली नाही, स्थान दिले.

कायदाही याच बाजूस आहे. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा शाळांना क्रीडा व मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने देण्यास सांगतो.

काळजी घ्यावयाची ती निश्चित घ्यावी. खुर्चीचे ब्रेक लावलेले असावेत, कमरेला पट्टा असावा. मेरुरज्जूच्या दुखापतीमुळे ज्यांना पायांची संवेदना नाही, त्यांची त्वचा सरावानंतर तपासावी, कारण जखम झाली तरी त्यांना कळत नाही. अपस्माराचा त्रास असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

माजी विद्यार्थ्यांत आज फिजिओथेरपिस्ट आहेत, डॉक्टर आहेत, ब्लॅक बेल्टही आहेत. जूनमध्ये शाळा उघडताच त्यांनी दोन दिवस येऊन अशा प्रत्येक मुलाजवळ बसावे, त्याचे कोणते सांधे किती हलतात ते पाहावे आणि प्रशिक्षकासह त्याचा सराव लिहून द्यावा. देणगीदारांनी चषकांऐवजी चटया द्याव्यात. आणि मैदानाच्या तीन पायऱ्यांशेजारी उतरंड बांधण्याचा खर्च यंदाच्या अंदाजपत्रकात धरावा, अशी आमची संस्थेस विनंती आहे.