नकाराचा हक्क

वसई-विरारमधील औद्योगिक गाळ्यांतून चाळींत माल येतो. नगावर मजुरी घेणाऱ्या स्त्रीला कंत्राटदार सुनावतो, 'परवडत नसेल तर घेऊ नका.' हे स्वातंत्र्य फसवे आहे. एकटीने नाकारलेला माल शेजारच्या दारात जातो.

नकार केव्हा द्यावा, याचा हिशेब साधा आहे. दोरा, वीज व फेऱ्यांचा खर्च वजा जाता आठ तासांची मिळकत किमान वेतनाखाली गेली, तर ती मजुरी नव्हे, वेठ होय.

घरी विड्या वळणाऱ्यांना १९६६ च्या कायद्याने कामगार मानले. घरबसल्या काम करणाऱ्या सर्वांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली केलेला करार भारताने अद्याप स्वीकारलेला नाही. तोवर कार्यकर्त्यांनी चाळीचाळीत दर ठरवून घ्यावा. सर्व दारे एकदम बंद झाली, तरच नकार हा हक्क ठरेल.