ड्रोनला परवानगी आहे. त्यातल्या रेडिओला आहे का?

लातूर-नांदेडच्या सोयाबीनवर फवारणी करणारा ड्रोन रिमोटशी रेडिओ लहरींवर बोलतो. परदेशी ड्रोन आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२पासून बंदी आहे. सुटे भाग मात्र आणता येतात. खरी मेख इथेच आहे. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. भारतात यातला काही भाग मोबाइल सेवेसाठी आहे. त्यामुळे ‘एफसीसी’ या अमेरिकी नियामकाचा शिक्का इथे चालत नाही; दूरसंचार विभागाच्या ‘डब्ल्यूपीसी’ शाखेची ‘ईटीए’ मान्यता लागते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या उपकरणांना ती तुलनेने सोपी.

‘ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटाला ८ लाखांपर्यंत अनुदान मिळते. पण दुरुस्तीत ऑनलाइन मागवलेला स्वस्त, ९१५ मेगाहर्ट्‌झचा रेडिओ बसवला, तर तेच यंत्र बेकायदा प्रक्षेपण करू लागते.